डिजिटल ट्यूनर घेण्याआधी टपावरची एरियल बघा

वाचकांचे प्रश्न : गाडीतली वीज आणि आवाज

रोहिणी लागल्या की माझ्या भुसावळच्या दुकानात दोन तक्रारी हमखास येतात. एसी गार करत नाही आणि रेडिओ लागत नाही. एसीचं कारण पंचेचाळीसच्या उन्हातच आहे. रेडिओचं असं, की पेरणीच्या तोंडावर हवामान आणि बाजारभाव ऐकायला माणसं पुन्हा त्याच्याकडे वळतात, आणि तेव्हा ध्यानात येतं की हा तर वर्षभर नुसता खरखरतोय. यंदा या तक्रारीला नवा शब्द जोडला गेलाय, 'डिजिटल ट्यूनर'. आलेल्या चौदा पत्रांपैकी नऊ पत्रांत तो आहे. चौदातली सहा इथे घेतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, धुळ्यात देवपूरला राहतो. मुलगा जर्मनीत असतो. दिवाळीत येताना त्याने गाडीत लावायचा डॅब प्लस रेडिओ आणला. छोटा डबा आणि काचेला आतून चिकटवायची पट्टीसारखी एरियल. इथल्या एका दुकानात बसवून घेतला. केंद्रं शोधायला लावला तर पडद्यावर शून्य येतं. दुकानदार म्हणतो, आपल्या भागात सिग्नल कमी आहे, साडेचार हजारांची बूस्टर एरियल टाकू. टाकावी का?

उत्तर : सर, नका टाकू. ते साडेचार हजार तसेच राहू द्या आणि डबा पुन्हा खोक्यात भरून ठेवा. तो बिघडलेला नाही. जर्मनीत तो छान वाजत असेल. आपल्याकडे त्याने ऐकावं असं हवेत काही नाही.

डॅब ही डिजिटल रेडिओ प्रसारणाची, मुख्यतः युरोपात रुजलेली पद्धत. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९५ मध्ये ती सुरू केली. नॉर्वेने २०१७ मध्ये देशपातळीवरची एफएम केंद्रं बंद करून सगळा कारभार तिच्यावर नेला. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारीतल्या रेडिओला डिजिटल प्रसारण पकडता आलंच पाहिजे असा नियम आहे. तिथे राहणाऱ्या मुलाला वाटणारच की बाबांच्या गाडीतही हे असावं. पण भारतात डॅबवर नेहमीचं प्रसारण कुठेच होत नाही. धुळ्यात नाही तसं मुंबईतही नाही. त्या डब्याचे कान १७४ ते २४० मेगाहर्ट्झ या पट्टीला लागलेले असतात आणि आपलं एफएम ८८ ते १०८ मध्ये आहे. पाचोरा-जामनेरच्या जुन्या नॅरोगेज रुळांवर ब्रॉडगेजचं इंजिन ठेवलं तर इंजिन कितीही दमदार असो, चाकं रुळावर बसणार नाहीत. तसंच हे आहे.

'डिजिटल' हा एकच शब्द बाजारात तीन वेगळ्या वस्तूंना लावतात, म्हणून हा घोळ होतो. पहिली वस्तू, आकड्यांचा पडदा असलेला सेट. काटा फिरवायच्या ऐवजी ९४.३ असा आकडा दिसतो म्हणून त्याला डिजिटल ट्यूनर म्हणायचं, ही पद्धत मी कामाला लागलो तेव्हापासून आहे. दुसरी वस्तू, आलेला साधाच एफएम सिग्नल आत घेऊन चिपमध्ये आकडेमोड करून साफ करणारा सेट. हल्लीचे बरेचसे चांगले सेट असे असतात आणि त्यांचा फायदा खरा आहे, कमी सिग्नलमधूनही ते शब्द वेगळा काढतात. तिसरी वस्तू म्हणजे केंद्रावरूनच डिजिटल प्रसारण होतं आणि ते पकडणारा रेडिओ. तुमचा डबा या तिसऱ्या जातीचा, त्यातही युरोपच्या पद्धतीचा. आपल्या आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतलीय. चाळीसगावच्या पत्राला उत्तर देताना त्याबद्दल लिहितो.

बूस्टरबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी यावलच्या एका शेतकऱ्याच्या जीपला मी बूस्टर लावून दिला. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं शेत, तिथे एफएम लागत नव्हतं. बूस्टर लावल्यावर खरखर दुपटीने मोठी झाली. बूस्टर सिग्नलही वाढवतो आणि गोंगाटही तेवढाच वाढवतो. त्याचा उपयोग एका ठिकाणी होतो, एरियलच्या अगदी बुडाशी, म्हणजे लांब वायरीत सिग्नल गळायच्या आधी. सेटच्या मागे डॅशबोर्डात कोंबलेला बूस्टर गळून उरलेल्यालाच मोठं करतो. शहरात टॉवरजवळ तर बूस्टरमुळे एकच दांडगं केंद्र सगळ्या आकड्यांवर घुसतं. मी त्यांचे पैसे परत केले. त्यानंतर टपावरची एरियल तपासल्याशिवाय मी कोणाच्याही गाडीत रेडिओची वस्तू घातलेली नाही.

सर, एक काम मात्र लगेच करा. काचेवरच्या त्या पट्टीची वायर दुकानदाराने काचेच्या बाजूच्या खांबातून खाली नेली असणार. तुमच्या गाडीला पडदा-एअरबॅग असेल तर ती टपाच्या कडेला असते आणि तिचं टोक बहुतेक त्याच खांबात उतरतं. वायर एअरबॅगच्या पुढून गेली असेल तर अपघाताच्या वेळी बॅग उघडायला अडथळा होऊ शकतो. खांबाचं कव्हर काढून बघायला लावा आणि वायर सोडवून घ्या. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. क्लिपा मोडल्या तर नवीन बसवायला लावा, मोडक्या क्लिपा चिकटपट्टीने दाबू देऊ नका.

मूळ तक्रार एफएमची असेल तर टपावरची काडी उघडा. आटे गंजलेत का, बुडाच्या रबराला भेगा पडल्यात का ते बघा. आपल्या उन्हात ते रबर पाच-सहा वर्षांत तडकतं, मग पहिल्याच पावसात पाणी आत उतरतं आणि तांब्यावर हिरवा थर धरतो. आठ वर्षांच्या गाडीत मला बहुतेक वेळा हेच सापडलंय.

प्रश्न : मी फैजपूरची. गाडीचा कंपनीचा स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवली. नकाशा, गाणी, मागचा कॅमेरा सगळं झकास चालतं. पण पूर्वी फैजपूर ते भुसावळ एफएम अखंड वाजायचं, ते आता भुसावळच्या अलीकडे पाच-सात किलोमीटरवरच लागतं. बसवणारा म्हणतो की या स्क्रीनचा ट्यूनर असाच असतो, वेगळा डिजिटल ट्यूनर बॉक्स घ्यावा लागेल. सहा हजार सांगतोय.

उत्तर : ताई, सहा हजार द्यायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा. 'निळी वायर कुठे जोडली?'

हल्लीच्या गाड्यांना टपावर वीतभर काडी असते किंवा माशाच्या पाठीवरच्या परासारखी एरियल. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर, म्हणजे साध्या काडीला त्याचा चौथा हिस्सा, पाऊण मीटर लांबी लागते. जुन्या ॲम्बेसेडरची बाहेर ओढायची काडी साधारण तेवढीच असायची. वीतभर काडीत ते काम भागवायचं म्हणून कंपनी तिच्या बुडात छोटा ॲम्प्लिफायर घालते. त्याला बारा व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते व्होल्ट एरियलच्याच वायरीतून वर पाठवतो, वेगळी वायर दिसत नाही. तुम्ही स्टिरिओ बदललात आणि बाहेरची स्क्रीन हे व्होल्ट पाठवत नाही. ती त्यासाठी मागे एक निळी वायर देते. ती लोंबकळत राहिली तर टपावरचा ॲम्प्लिफायर मेलेला, आणि मेलेला ॲम्प्लिफायर नसण्यापेक्षा वाईट, कारण सिग्नलला त्याच्यातूनच खाली यावं लागतं.

तुमच्या पत्रातलं वर्णन तंतोतंत याचंच आहे. जवळचं लागतं, लांबचं गेलं, आणि स्क्रीन बदलली त्याच दिवसापासून. मागच्या वर्षभरात माझ्याकडे अशा निदान वीस गाड्या आल्या असतील.

यावर औषध म्हणजे एक जोड-वायर. तिच्या एका टोकाला कंपनीच्या एरियलचा चौकोनी प्लास्टिकचा फाक्रा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीची जाड पिन आणि मधून निघालेली एक बारीक निळी वायर. ती निळी वायर स्क्रीनच्या निळ्या वायरीला जोडायची. माझ्याकडे ती चारशेच्या आत मिळते. दुकानदाराने फाक्रा बसवलाच असेल, पण स्वस्तातला, निळी वायर नसलेला. दिसायला दोन्ही सारखेच.

खात्री करायची असेल तर स्क्रीन बाहेर ओढून रेडिओ चालू करायला सांगा आणि मीटर लावून निळ्या वायरीवर बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर काही स्क्रीनमध्ये सेटिंगच्या आत 'रेडिओ अँटेना पॉवर' असा पर्याय असतो, तो चालू करा. निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर वेगळी असते, ती बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी. दोन्हींची गल्लत होते. पिवळी आणि लाल उलटसुलट जोडलेली नाही ना हेही त्याच वेळी बघून घ्या. पिवळी कायम चालू, लाल चावीवर. उलटी असेल तर सेटिंग रोज पुसलं जातं. दोन्ही एकत्र पिवळीवर टाकली असतील तर आठवड्याभरात बॅटरी बसते.

आणखी एक चाचणी घरच्या घरी होते. स्क्रीनच्या मागे एरियलची पिन काढा आणि त्या भोकाच्या मधोमध पंचाहत्तर सेंटीमीटरची साधी वायर खुपसा. वायरीचं दुसरं टोक दरवाजातून बाहेर, पत्र्याला न लागता, वर धरा. केंद्रं एकदम वाढली तर ट्यूनर ठीक आहे आणि दोष एरियलच्या बाजूचा. काहीच फरक पडला नाही तर बसवणाऱ्याचं म्हणणं खरं, ट्यूनर कमजोर आहे. तेव्हाही सहा हजारांच्या बॉक्सऐवजी चांगला ट्यूनर असलेली स्क्रीन बदलून मागा. आणि हो, रेडिओच्या पडद्यावर 'लोकल' असं बटण दिवा लागलेलं असेल तर ते बंद करा. ते दाबलेलं असलं की सेट लांबची केंद्रं शोधताना मुद्दाम सोडून देतो. लांबच्या प्रवासात आवाजाचं स्टिरिओ बंद करून मोनो, म्हणजे सगळ्या स्पीकरना एकच आवाज, केलंत तर कमी सिग्नलवरची सळसळ बरीच बसते.

या वायरीने काम झालं तर मला कळवा. नाही झालं तर गाडी घेऊन या, मी स्वतः उघडून बघतो.

प्रश्न : भाऊ, गाडीमा रेडिओ खरखर करस. घर पासून निंघतस तव्हय चांगला, पन रस्तावर लागना का सुरू व्हस. मन्हा भाचा सांगस डिजिटल ट्यूनर टाक. (शिरपूर)

उत्तर : भाऊ, तुम्ही फोनवर सांगितलंत की तीन महिन्यांपूर्वी समोरच्या काचेला कॅमेरा लावला. त्याची वायर सिगारेटच्या भोकातल्या चार्जरमधून घेतली आहे. महामार्गाला लागल्यावर तुम्ही तो चालू करता. एकदा चार्जर उपटून बघा. खरखर बंद झाली तर गुन्हेगार तोच. स्वस्त चार्जरच्या आत बारा व्होल्टचे पाच करताना जे तुकडे पाडतात, त्याचा गोंगाट थेट एफएममध्ये उतरतो आणि कॅमेऱ्याची वायर काचेवरून एरियलजवळ गेली की अधिकच. चांगला चार्जर घ्या, वायरीवर गोंगाट अडवणारा फेराइटचा काळा मणी लावा आणि वायर एरियलच्या वायरीपासून लांब न्या. डिजिटल ट्यूनरलाही तो गोंगाट ऐकू येईलच.

प्रश्न : नवीन गाडी घेतली, रेडिओत एएमच्या यादीत 'डीआरएम' असं चिन्ह दिसतं. विक्रेत्याने 'डिजिटल रेडिओ आहे' म्हणून कौतुकाने दाखवलं. चाळीसगावात मात्र ते कधी उजळलं नाही. कंपनीत दाखवू का? आणि कन्नड घाटात एफएम जातं, तिथे याचा उपयोग होईल का?

उत्तर : गाडीत दोष नाही. मारुती, ह्युंदाई, महिंद्रा, टोयोटा यांच्या काही मॉडेलांत हा रेडिओ कंपनीतूनच येतो. आकाशवाणीने देशभरात मध्यम लहरींचे, म्हणजे एएमचे, ३५ प्रक्षेपक डीआरएमचे केले, त्यात आपल्या जवळचे म्हणजे मुंबई आणि पुणे. पुण्याचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. एकाच प्रक्षेपकातून शेजारी-शेजारी दोन गोष्टी जातात, जुन्या रेडिओसाठी साधं एएम आणि नव्यासाठी डिजिटल. ताकदीचा मोठा वाटा साध्याला जातो, म्हणून डिजिटलचा पल्ला त्याहून कमी राहतो. चाळीसगाव त्या पल्ल्यात येत नाही.

रात्री चित्र थोडं बदलतं. दिवसा आभाळातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि त्याच्या वरच्या थरावर आपटून लांबची केंद्रं खाली येतात. लहानपणी रात्री रेडिओवर कुठकुठली परक्या भाषांची केंद्रं ऐकू यायची ती याचमुळे. माझ्याकडे डीआरएमच्या तीन गाड्या कामाला आल्या होत्या. दिवसा एकीतही काही लागलं नाही. रात्री दहानंतर एका गाडीत आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा स्वच्छ. अर्धा मिनिट टिकला आणि एकदम शांतता. मी त्या गाडीत तासभर बसून राहिलो. तो अर्धा मिनिट ऐकल्यावर कळतं की ही पद्धत इथे पोचावी असं का वाटतं. खरखर अजिबात नाही, पडद्यावर अक्षरात बातम्या येऊ शकतात, पुराचा किंवा वादळाचा इशारा आला तर रेडिओ आपोआप त्या केंद्रावर जाऊ शकतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना निरोप पोचवायची धावपळ दर पावसाळ्यात मी बघतो. तिथे हे किती कामाचं ठरेल!

एफएमच्या पट्टीतही डीआरएमची चाचणी झाली आहे, २०२१ मध्ये दिल्ली आणि जयपूरला. खासगी केंद्रांना डिजिटलची वाट मोकळी करण्याबद्दल दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ मध्ये शिफारशी केल्या, पण त्यांचाही रोख मोठ्या शहरांपासून सुरुवात करण्याकडे आहे. खानदेशात केव्हा, याची वाट बघून आज कोणी डीआरएमचा अ‍ॅडॉप्टर विकत घेऊ नये. तुमच्या गाडीत आहे ते राहू द्या, त्याला पैसे पडलेले नाहीत.

कन्नड घाटाचं वेगळं आहे. एफएम सरळ रेषेत जातं. तुम्ही वळणावळणाने चढता तेव्हा डोंगराचा कडा गाडी आणि टॉवर यांच्या मध्ये येतो. काही वळणांवर सिग्नल समोरच्या कड्यावर आपटून दुसऱ्यांदा येतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आवाज फाटल्यासारखा होतो. कोंडाईबारीत आणि पळासनेरच्या पुढे बिजासनच्या चढावर हाच अनुभव आहे. कोणताही ट्यूनर डोंगर हलवू शकत नाही. डिजिटल असतं तर फाटण्यापासून सुटका झाली असती, पण सिग्नल एका मर्यादेखाली गेला की ते एकदम गप्प होतं. साधं एफएम खरखरत का होईना, चार शब्द पोचवतं. घाटात मला तेच बरं वाटतं.

प्रश्न : सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला जातो. ट्रकसाठी जुन्या बाजारातून भारी सेट घेतला, परदेशातून आलेला. आवाज जबरदस्त आहे, पण निम्मी केंद्रं लागतच नाहीत. एएमवर वडिलांना जळगाव लावून द्यायचं होतं, तर ९६३ हा आकडाच येत नाही. ९६० येतो, मग ९७०.

उत्तर : तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून दोन मिनिटांत उत्तर सापडलं, असंच पत्र लिहावं. तुमचा सेट अमेरिकेच्या मापाचा आहे. तिथे मध्यम लहरींवरची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. ९६३ ला नवाने भागा, बरोबर १०७. मुंबईचं ५५८ भागा, ६२. दहाच्या उड्या मारणारा सेट या आकड्यांवर कधी थांबणारच नाही. एफएमवरही तो ८८.१, ८८.३ अशा उड्या मारतो, म्हणून दशांशानंतर सम आकडा असलेली सगळी केंद्रं सुटतात. हीच तुमची निम्मी.

सेटिंगमध्ये 'रेडिओ रीजन' किंवा 'एरिया' शोधा आणि युरोप किंवा आशिया करा. सेट जुना असेल तर कधी बुडाशी छोटा खटका असतो, कधी बंद अवस्थेत दोन बटणं एकत्र दाबून धरावी लागतात. बदलल्यावर साठवलेली केंद्रं पुसली जातील, ती पुन्हा भरा. पुढच्या वेळी जुना सेट घेताना पडद्यावर एफएम ७६ पासून सुरू होतं का तेवढं बघा. तसं असेल तर तो जपानचा, वरचं टोक ९० किंवा ९५ ला संपतं आणि त्याच्यापुढची आपली केंद्रं त्याला दिसत नाहीत. तो घेऊ नका. त्याला वरची केंद्रं खालच्या आकड्यांवर आणणारा कन्व्हर्टर लावून देणारे भेटतात, मी लावत नाही.

प्रश्न : तळोद्याहून धडगावकडे आरोग्य केंद्राची जीप चालवतो. मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे, पण चढ सुरू झाला की रेंज जाते आणि ते थांबतं. जीपमधल्या जुन्या रेडिओवर एएम पूर्वी ऐकू यायचं. मागच्या वर्षी एरियल तुटली, गावातल्या माणसाने नवी बसवली. आता एफएम लागतं, एएम पूर्ण बंद. सेट जुना झाला म्हणून डिजिटल घ्यावा असं सगळे म्हणतात.

उत्तर : दादा, तुमच्या कामात रेडिओ नुसता करमणुकीचा नाही, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. न्यूज ऑन एअर हे ॲप चांगलं आहे, सपाटीवर मीही तेच लावतो. पण ज्या दरीत मोबाइल मुका होतो तिथे हवेतून थेट येणारा आवाजच कामाला येतो. मध्यम लहर एफएमसारखी सरळ रेषेची बांधील नाही. ती जमिनीला धरून पसरते, तापीकाठच्या काळ्या ओल्या मातीवरून लांबवर जाते. खडकाळ सातपुड्यात लवकर क्षीण होते हे खरं, तरी डोंगराच्या आडोशाला एफएमच्या आधी तीच पोचते. तुमचा सेट टाकू नका.

नवी एरियल बसवताना वायर कसली वापरली ते मला फोनवर सांगितलंत, घरावरच्या डिशची पांढरी जाड वायर. तिथेच एएम मेलं. मध्यम लहरीची लांबी तीनशे-चारशे मीटर असते. तिच्यापुढे गाडीची मीटरभर काडी म्हणजे काहीच नाही, तिच्यावर जेमतेम धुगधुगी येते. म्हणून गाडीच्या एरियलची वायर खास असते. आत केसासारखी बारीक तार, तिच्याभोवती बरीचशी पोकळी आणि मग बाहेरची जाळी. तार आणि जाळी लांब ठेवल्यामुळे ती धुगधुगी वाटेत मुरत नाही. डिशच्या वायरीत मधली तार जाड आणि जाळी जवळ, त्यामुळे सेटपर्यंत पोचायच्या आत सगळं जाळीत मुरतं. एफएमला तेवढा फटका बसत नाही, म्हणून ते लागतं आणि सगळ्यांना वाटतं एरियल ठीक आहे.

गाडीच्या एरियलचीच वायर घ्या, काडीसकट दोन-अडीचशेत येते. लांबी जेमतेम पुरेल एवढीच ठेवा, गुंडाळी करून मागे कोंबू नका. काडी जिथे बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, वायशर थेट पत्र्याला लागला पाहिजे, मग वरून ग्रीस लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. बसवून झाल्यावर मीटरने बघा. काडीच्या टोकापासून पिनच्या टोकापर्यंत तार अखंड दाखवली पाहिजे आणि पिन व पत्रा यांच्यात काहीच दाखवायला नको. मग एएमवर एखादं कमी ऐकू येणारं केंद्र लावून सेटच्या तोंडाशी किंवा कडेला एरियलच्या भोकाजवळ छोटा स्क्रू दिसतो का बघा. जुन्या सेटांना तो असतो. बारीक पेचकसाने अगदी हळू फिरवा, आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबा. नवी एरियल लावली की हा स्क्रू जुळवावा लागतो.

मोडलेली जुनी एरियल फेकली नसेल तर तिची वायर कापून ठेवा. सेटच्या बाजूची पिन शाबूत असेल तर नव्या काडीला तीच वायर चालेल आणि तुमचे दीडशे रुपये वाचतील.